कुंझरूंचे कॅडेट

हृदयनाथ कुंझरू हे नाव मराठी माणसाच्या लक्षात राहिले ते राज्य पुनर्रचना आयोगामुळे. फाजल अली, पणिक्कर आणि कुंझरू यांनी १९५५ साली मुंबईचे द्वैभाषिक राज्य सुचवले, विदर्भ वेगळा काढला, आणि त्या रागात कुंझरूंचे आधीचे एक मोठे काम आपल्याकडे झाकोळले गेले. आज कॉलेजच्या मैदानावर खाकीत उभे राहणारे कॅडेट ही त्यांच्याच समितीची देणगी आहे. १९४६ साली नेमलेल्या या समितीने पुढच्या वर्षी अहवाल दिला आणि १९४८ साली एनसीसीचा कायदा झाला. त्याआधीची युनिव्हर्सिटी कोअर, यूटीसी, यूओटीसी ही मालिका ‘बी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही पाठ असते.

मला अनेक वर्षे कुतूहल आहे ते या अध्यक्षाचे. कुंझरू गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे. १९३६पासून मृत्यूपर्यंत त्याचे अध्यक्ष. पुरते मवाळ आणि सनदशीर. त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती रायफल द्यायची योजना आखली याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. लष्करावर एवढा पैसा खर्च होतो आणि त्यातली अधिकारपदे हिंदी माणसाला बंद, ही खुद्द गोखल्यांची तक्रार होती. शिष्याने ती कॉलेजच्या मैदानापर्यंत आणली. समितीने मुलींसाठीही स्वतंत्र शाखा सुचवली होती. ती १९४९मध्ये सुरू झाली.

चीनच्या युद्धानंतर, १९६३ साली, एनसीसी कॉलेजांत सक्तीची झाली आणि १९६८मध्ये ती सक्ती उठली. उठली ते बरे झाले. हजेरीसाठी आलेल्या मुलांच्या रांगांतून संघ उभा राहत नाही.

संघ म्हणजे काय ते थल सैनिक कॅम्पच्या तयारीत दिसते. जानेवारीतली परेड सारा देश टीव्हीवर पाहतो. दिल्लीतच होणाऱ्या या कॅम्पची बातमी मात्र स्थानिक पानाच्या कोपऱ्यात येते. नकाशा वाचन, तंबू उभारणी, पॉइंट टू-टू रायफलची फायरिंग, झिगझॅग, गेट व्हॉल्ट आणि हाय वॉल असलेला अडथळ्यांचा कोर्स. आधी बटालियन, मग ग्रुप, मग राज्याचे डायरेक्टोरेट, अशी प्रत्येक पायरीवर छाटणी. ऐन पावसाळ्यात ओल्या मैदानावर सराव चालतो आणि उस्तादांचा रगडा चुकत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अंतर ओळखण्याचा भाग, कारण तिथे ताकद कामी येत नाही. समोरचे झाड किती मीटरवर आहे? एक पद्धत शंभर मीटरचा टप्पा मनात धरून मोजण्याची. दुसरी, जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती असेल ते ठरवून मधला आकडा घेण्याची. तिसरी सेक्शनची सरासरी: प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा आणि सगळ्यांची सरासरी काढायची. एकाचा अंदाज वर गेला, दुसऱ्याचा खाली आला, तर चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

पण सूर्य पाठीशी असला की वस्तू सगळ्यांनाच जवळ भासते आणि समोर असला की लांब. तिथे अख्ख्या सेक्शनची चूक एकाच दिशेने जाते आणि सरासरी कामाला येत नाही. म्हणून तेच झाड सकाळी, भर दुपारी आणि उन्हे कलल्यावर पुन्हा मोजावे लागते. एकदा उभ्याने, एकदा जमिनीवर पालथे पडून.