मेलेल्या कावळ्यांचा नकाशा

ऑगस्ट १९९९. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फ्लशिंग हॉस्पिटलमध्ये दोन रुग्ण दाखल झाले. ताप, भ्रम आणि मेंदूज्वरात सहसा न दिसणारा स्नायूंचा कमालीचा अशक्तपणा. डॉ. डेबोरा अॅस्निस यांना हे प्रकरण साधं वाटलं नाही. २३ ऑगस्टला त्यांनी शहराच्या आरोग्य खात्याला कळवलं. लवकरच असे आणखी रुग्ण सापडले. ते एकमेकांना ओळखत नव्हते, पण राहायला एकाच टापूत होते आणि संध्याकाळी घराबाहेर वेळ घालवणारे होते. म्हणजे डास! ३ सप्टेंबरला निदान जाहीर झालं, सेंट लुइस मेंदूज्वर. लगोलग फवारणी सुरू झाली.

निदान मात्र चुकलं होतं.

ते चुकल्याचा संशय आला तो ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या ट्रेसी मॅकनमारा यांना. त्या पशुविकृतितज्ज्ञ. आवारात कावळे पटापट मरत होते, मग फ्लेमिंगो आणि पाणकावळेही गेले. सेंट लुइसच्या विषाणूने पक्षी मरत नाहीत. घोड्यांना होणारा ‘ईस्टर्न’ मेंदूज्वर म्हणावा, तर त्याला पहिले बळी पडणारे इमू ठणठणीत होते. माणसांचे डॉक्टर एकीकडे, जनावरांचे दुसरीकडे, आणि मधे सरकारी भिंत. ती ओलांडायला सप्टेंबर संपत आला. तेव्हा कळलं की हा वेस्ट नाइल विषाणू. १९३७ मध्ये युगांडातल्या वेस्ट नाइल जिल्ह्यात एका तापकरी बाईच्या रक्तात तो प्रथम सापडला होता. अमेरिका खंडात त्याची नोंदच नव्हती. त्या वर्षी ६२ माणसं गंभीर आजारी पडली, ७ दगावली. लाँग आयलंडवर २५ घोडे आजारी पडले. मागचे पाय लटपटत आणि जनावर अडखळे.

हा विषाणू पक्ष्याकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा पक्ष्याकडे फिरतो. माणूस आणि घोडा मधेच सापडतात. त्यांच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की चावलेला डास तो पुढे नेऊ शकत नाही. संसर्ग झालेल्या दर दहा माणसांपैकी आठांना काहीच जाणवत नाही. मेंदूपर्यंत आजार जातो तो साधारण दीडशेत एकाचा. म्हणून केवळ रुग्ण मोजून नकाशा काढला, तर तो उशिराचा आणि विरळ निघतो.

२००० पासून अमेरिकेत ‘आर्बोनेट’ ही नोंदयंत्रणा उभी राहिली. माणूस, घोडा, मेलेला पक्षी, डास, मुद्दाम पाळलेल्या कोंबड्या अशा प्रत्येकाच्या काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, नोंदी होऊ लागल्या. जिथे मेलेले कावळे दाट, तिथे पुढे माणसं आजारी पडण्याचा धोका जास्त, असं न्यू यॉर्कच्या नोंदींत दिसलं. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघतात; तिकडे आरोग्य खातं कावळा पडल्याच्या फोनची वाट बघत होतं.

मग नकाशा भराभर रंगत गेला. २००२ मध्ये ४४ राज्यं, ४,१५६ रुग्ण, २८४ मृत्यू आणि पंधरा हजारांच्या आसपास घोडे. २००३ मध्ये रुग्ण ९,८६२ झाले. पश्चिमेकडच्या मैदानांत माणसं तुरळक, पण घोडे भरपूर. तिथे विषाणू पोहोचल्याची वर्दी अनेकदा तबेल्यातूनच आली.

अर्थात असे नकाशे फसवेही असतात. कॅलिफोर्नियातली सॅन बर्नार्डिनो काउंटी सुमारे ५२,००० चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे चौदा गोवे मावतील एवढी. तिच्या एका कोपऱ्यात एक बाधित डास सापडला, तरी रंगते ती अख्खी काउंटी, निर्जन वाळवंटासकट. घोड्यांच्या नकाशाची गोष्ट तर आणखी गमतीची. २००१ मध्ये घोड्यांसाठी लस आली आणि पुढे त्यांचे आकडे कोसळले. विषाणू कुठेही गेला नव्हता. लस टोचलेले घोडे नकाशावरून उतरले आणि उरले ते प्रामुख्याने न टोचलेले. माणसांसाठी मंजूर झालेली लस आजही नाही.

भारतात या विषाणूच्या प्रतिपिंडांचा पहिला पुरावा मिळाला तो मुंबईत, १९५२ साली. त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था (एनआयव्ही). पुढे २०११ मध्ये केरळच्या अलप्पुळात रुग्ण सापडले आणि २०१९ मध्ये मलप्पुरममध्ये एक लहान मुलगा दगावला. तरी भारताचा नकाशा बराचसा कोराच दिसतो. त्याचं एक कारण प्रयोगशाळेत आहे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू याचाच भाऊबंद, त्यामुळे प्रतिपिंडांच्या चाचणीत दोघांची गल्लत होते. आणि डास? अमेरिकेच्या दक्षिण भागात हा विषाणू पसरवणारा क्यूलेक्स आपल्या गटारांत वाढणारा, हत्तीरोग पसरवणाराच आहे.

जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने मुंबई-ठाण्यातले मेलेले कावळे तपासणीला गेले होते, म्हणजे ते काम आपल्यालाही जमतं. तुमच्या भागात एकामागून एक कावळे पडताना दिसले, तर हात लावू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तेवढं कळवा.