टाचेला विश्रांती नव्हे, बेताचा भार हवा

सकाळी उठून पहिले पाऊल फरशीवर टेकताच टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जीव कळवळेल अशी कळ येते. दहा-वीस पावलांत ती ओसरते, बराच वेळ बसून उठले की पुन्हा येते आणि संध्याकाळी टाच ठणकू लागते. प्लांटर फॅशियायटिसची ही लक्षणे इतकी ठरलेली आहेत की बहुतेक वेळा डॉक्टरांनी टाचेच्या एका विशिष्ट जागी अंगठा दाबून पाहिला तरी निदान होते. पळणाऱ्यांना हे दुखणे चांगलेच परिचयाचे आहे. कॅनडातील व्हँकुव्हर येथे तपासलेल्या सुमारे दोन हजार धावपटूंच्या दुखापतींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याच्या दोन दुखण्यांनंतर तिसरा क्रमांक याचाच होता. आपल्याकडे जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यापासून सराव करणारे, रविवारी पहाटे सिंहगड चढणारे, साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात धावणारे हौशी लोक आता मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यातल्या कोणाची टाच धरली की चहूबाजूंनी सल्ले येतात. ते आपुलकीने दिलेले असतात, पण त्यांतले बरेचसे चुकीचे असतात, आणि त्यांच्यापायी काही महिन्यांत आवरणारे दुखणे वर्षभर रेंगाळते.

टाचेचे हाड वाढले आहे. ते काढल्याशिवाय दुखणे जाणार नाही.

हा समज सर्वांत चिवट आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडातून पुढे आलेले टोक स्पष्ट दिसते, आणि दुखते तेही नेमके तिथेच. डोळ्यांना दिसणारे कारण सापडल्यावर माणूस दुसरे शोधायला जात नाही. पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा अनेकांच्या एक्स-रेतही हेच टोक असते. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांची राष्ट्रीय संघटना रुग्णांना सांगते की दहापैकी एकाच्या टाचेला असे टोक असते, आणि ते असणाऱ्या वीसजणांपैकी एकाचाच पाय दुखतो. शिवाय हे टोक पुष्कळदा फॅशियात, म्हणजे तळपायाच्या ज्या पट्ट्यात हे दुखणे असते त्यात, नसतेच. तिच्या वरच्या थरातला, बोटे वाकवणारा जो छोटा स्नायू आहे त्याच्या मुळाशी ते वाढलेले असते. वेळेचा हिशेबही जुळत नाही. हाड वाढायला वर्षे लागतात, कळ मात्र सहा आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. दुखणे बरे झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला तर टोक पूर्वीइतकेच असते. या समजाचे खरे नुकसान पुढे होते. आत काटा रुततो आहे असे एकदा मनाने घेतले की माणूस टाच टेकवायला घाबरतो, पायाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागतो आणि ज्या व्यायामाने बरे वाटणार तोच टाळतो. एक्स-रे निरुपयोगी नाही, हाडाला तडा गेलेला नाही ना हे पाहायला तो लागतो. त्यात दिसलेल्या टोकाने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही.

ही सूज आहे. गोळ्यांनी उतरेल, नाहीतर इंजेक्शन आहेच.

फॅशिया म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला जाड, चिवट पट्टा. पायाची कमान तो तोलून धरतो. पाऊल उचलताना बोटे वर वाकली की हा पट्टा ताणला जातो, कमान उंचावते आणि पाय ताठ होऊन शरीराला पुढे रेटतो. ही यंत्रणा हिक्स नावाच्या संशोधकांनी १९५४ मध्ये मांडली. प्रत्येक पावलागणिक टाचेपाशी ओढ बसते. ती झेपेनाशी झाली की पट्ट्यातल्या कोलॅजेनच्या तंतूंची वीण विस्कटते. २००३ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा झिजेच्या खुणा दिसल्या, सुजेच्या पेशी मात्र आढळल्या नाहीत. म्हणूनच जुनाट दुखण्यात सूज उतरवणाऱ्या गोळ्या फार तर त्या दिवशीची ठणक कमी करतात. झिजलेला पट्टा त्यांनी सुधारत नाही.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनवर लोकांचा विश्वास बसतो, कारण त्याने खरोखर आराम पडतो. तो टिकत नाही, हा मुद्दा आहे. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत औषधाच्या इंजेक्शनने चार आठवड्यांपर्यंत वेदना कमी झाल्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात मात्र नुसत्या सलाइनचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा वेदनेत ठोस फरक उरला नव्हता. वारंवार इंजेक्शने घेतल्यास फॅशिया फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. पळणाऱ्याच्या बाबतीत हा धोका अधिक गंभीर आहे: दुखणे गेले असे समजून तो दुसऱ्याच आठवड्यात मैदानावर उतरतो आणि कमकुवत पट्ट्यावर पूर्ण भार टाकतो. काही रुग्णांना इंजेक्शनची गरज पडते हे खरे, पण ते व्यायाम सुरू करता यावा यासाठी मिळालेली सवड असते, व्यायामाची जागा ते घेत नाही.

पूर्ण विश्रांती घ्या. महिनाभर पाय टेकवू नका.

विश्रांतीने बरे वाटते, म्हणून विश्रांतीने बरे होत असावे, असा हा तर्क आहे. भार काढला की वेदना कमी होणारच. पण अस्थिबंध, कंडरा, फॅशिया यांची ताकद त्यांच्यावर पडणाऱ्या भारानेच टिकते. महिनाभर बसून राहिलेल्या माणसाची पोटरी सैल पडते, तळपायाचे छोटे स्नायू दुबळे होतात, आणि तो पुन्हा धावायला जातो तेव्हा पट्ट्याची सहनशक्ती पूर्वीपेक्षाही कमी झालेली असते. मग पहिल्याच आठवड्यात कळ परतते आणि ‘विश्रांती कमी पडली’ असा उलटा निष्कर्ष निघतो. या फेऱ्यात सापडलेले कितीतरी चांगले धावपटू धावणे कायमचे सोडून देतात, आणि हे टळण्यासारखे असते, म्हणून हा समज मोडणे सर्वांत निकडीचे आहे.

दोन व्यायामांना अभ्यासाचा आधार आहे. पहिला ताणाचा. बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे मुळाशी धरून नडगीकडे ओढावीत, दुसऱ्या हाताने तळव्यावरचा ताणलेला पट्टा चाचपून पाहावा. दहा सेकंद धरायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप पलंगावरून उतरण्याआधीच. २००३ मधील अमेरिकेतील चाचणीत जुनाट दुखण्याच्या रुग्णांना नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा याने अधिक गुण आला. दुसरा व्यायाम ताकदीचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील चाचणीतला. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली घेऊन पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहायचे. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड करायचे. दमून थांबावे लागेल अशा बारा आवर्तनांच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात; पुढे पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तके भरत वजन वाढवायचे, आवर्तने कमी करायची आणि फेऱ्या वाढवायच्या. तीन महिन्यांनी या गटाचे दुखणे ताणाच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी होते. वर्षभराने दोन्ही गट सारख्याच पातळीवर आले होते, हेही सांगायला हवे. लवकर मैदानावर परतायचे असेल त्याला त्या मधल्या महिन्यांची किंमत कळते. व्यायाम करताना थोडे दुखणारच. धावणे कमी असेल तेवढ्या काळात सायकल आणि पोहणे चालू ठेवता येते, दम टिकतो.

चार पावले चालल्यावर कळ जाते, म्हणजे अंगावर काढून धावायला हरकत नाही.

हे वरच्या समजाचे दुसरे टोक. रात्रभर पाऊल सैल, खाली झुकलेले राहते आणि पट्टा आखडतो. सकाळी त्याला एकदम ताण बसतो. थोडे चालल्यावर तो सैलावतो. त्यामुळे धावण्याच्या पहिल्या किलोमीटरला दुखते, पुढे विसर पडतो, आणि सगळे ठीक असल्याची खात्री वाटते. धावताना काय वाटले यावरून भाराचा अंदाज बांधणे इथेच फसते. दुसऱ्या दिवशी सकाळचे पहिले पाऊल हे खरे माप. ते कालच्याइतकेच किंवा कमी दुखले तर भार योग्य होता. जास्त दुखले तर अंतर कमी करायचे. धावणे सोडायची गरज नसते.

चप्पल-बूट जितके मऊ तितके चांगले. / बूट काढून टाका, वारकरी अनवाणीच चालतात.

एकमेकांच्या विरुद्ध असलेले हे सल्ले एकाच माणसाला एकाच दिवशी मिळतात. मऊ गादीवर टाच टेकली की लगेच हायसे वाटते, म्हणून पहिला पटतो. पण बोटाने दाबताच पूर्ण दबणारी चप्पल कमानीला आधार देत नाही आणि पट्ट्यावरची ओढ तशीच राहते. टाचेखाली थोडी उंची, कमानीला आधार आणि मधोमध सहज न पिळवटणारा तळ एवढे पुरते. महागड्या, मापाच्या इन्सोलबद्दलही तसेच: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३५ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत तयार मिळणारे आणि खास बनवून घेतलेले इन्सोल जवळपास सारखेच ठरले, आणि वर्षभराने तर खोट्या इन्सोलपेक्षाही त्यांचा विशेष फायदा दिसला नाही.

अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मजबूत असतात हे खरे आहे. पण ती मजबुती लहानपणापासूनची असते. वर्षानुवर्षे बुटात राहिलेले पाऊल दुखऱ्या अवस्थेत एकदम उघडे करणे म्हणजे भार अचानक वाढवणे. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालणाऱ्यांचेही पाय दुखतातच. वाटेवर ठिकठिकाणी पाय चेपून देण्याची सेवा उगीच चालत नाही. घरातल्या फरशीवर आधाराची चप्पल घालणे हा साधा उपाय आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत जास्त टाळला जातो.

युरिक अॅसिड वाढले की टाच दुखते.

रक्ततपासणीत आकडा थोडा वर सापडतो आणि दोष त्याच्यावर जातो. तो आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. गाउटचा झटका बहुधा अंगठ्याच्या सांध्यात येतो. सांधा लाल, गरम, सुजलेला, चादरीचा स्पर्श सहन न होणारा असतो. रोज सकाळी येऊन दहा-वीस पावलांत ओसरणारी कळ ही त्याची रीत नाही. डाळी बंद केल्याने टाच बरी होणार नाही.

हे वजनदार माणसांचे दुखणे आहे.

जास्त वजन आणि दिवसभर उभ्याचे काम यांनी धोका वाढतो, हे अभ्यासांत दिसले आहे. पण २००३ च्या अशाच एका अभ्यासात सर्वांत ठळक ठरली ती घोट्याची आखडलेली हालचाल, म्हणजे पाऊल वर पुरेसे न वाकणे. सडपातळ धावपटूची आखडलेली पोटरी आणि महिन्याभरात दुप्पट केलेले अंतर तेवढेच पुरेसे असते.

तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकले की मुळापासून जाते.

शेकाने तात्पुरते बरे वाटते, आणि आजीने केलेले म्हणून विश्वासही वाटतो. पट्ट्याची ताकद त्याने वाढत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते.

टाच दुखते म्हणजे प्लांटर फॅशियायटिसच.

बहुतेकदा असते, नेहमी नाही. धावता धावता टाचेत काही तुटल्यासारखे होऊन तळवा काळानिळा पडला तर पट्टा फाटलेला असू शकतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल आणि दुखणे चालण्याने वाढतच जात असेल तर हाडाचा तडा तपासावा. मुंग्या, जळजळ, बधिरपणा असेल तर नस दबलेली असू शकते. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावे. आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांत कारण बहुधा टाचेच्या वाढीच्या पेऱ्याशी असते. यातले काहीही असेल तर घरचे व्यायाम थांबवून आधी निदान करून घ्यावे.

दुखणे थांबले, व्यायाम संपला.

साध्या उपचारांनी दहा महिन्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांना उतार पडतो, असे अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांची तीच संघटना सांगते. शस्त्रक्रियेचा विचार अगदी मोजक्यांना, सहा महिने ते वर्षभर नेटाने उपचार केल्यावरच करावा लागतो. पण कळ थांबणे आणि पट्टा पूर्वीइतका भार पेलू लागणे यांत काही महिन्यांचे अंतर असते, आणि दुखणे उलटते ते याच काळात. धावणे थांबवावे लागले असेल तर सकाळचे पहिले पाऊल सलग दोन-तीन आठवडे निर्वेध पडू लागले की सपाट रस्त्यावर, एक दिवसाआड, थोडे चालणे आणि थोडे धावणे असे सुरू करावे. चढाला टाच खाली राहून पोटरीवर ओढ येते, म्हणून सिंहगड आणि घाट सर्वांत शेवटी. पायरीवरचा टाच उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी चालू ठेवावा, स्पर्धेच्या महिन्यातसुद्धा.