टाऊचे दिवस

रक्ताच्या एका नळीवरून अल्झायमरचा माग काढणाऱ्या चाचणीला २०२५च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली आणि आमच्या पॅथॉलॉजीवाल्यांच्या गटात अभिनंदनाचा पूर आला. चाचणी मोजते टाऊ आणि अमायलॉइड या प्रथिनांचं गुणोत्तर. टाऊसाठी हयात घालवलेल्या जॉन ट्रोजॅनोव्स्कींचं नाव मात्र एकालाही आठवलं नाही. २०२२ साली ते गेले, तेव्हाही हीच तऱ्हा.

त्यांच्या पदव्या, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली पदं, पुरस्कार हे सगळं मृत्युलेखांत आहे. मी रमतो तो नव्वदीत. तेव्हा मी विभागात नवखा होतो आणि जर्नल्स शिळी होऊनच हाती पडत. १९९१मध्ये पत्नी व्हर्जिनिया ली यांच्या जोडीने त्यांनी दाखवलं, की अल्झायमरच्या पेशींतले पिळदार तंतू म्हणजे जादा फॉस्फेट चिकटलेलं टाऊच. पुढच्याच वर्षी हार्डी-हिगिन्सचा अमायलॉइड सिद्धांत आला आणि पैसा, परिषदा, औषधकंपन्या तिकडे धावल्या. टाऊ म्हणजे आगीनंतरची राख, असं आमच्या वरिष्ठांनी परस्पर ठरवून टाकलं. १९९८मध्ये काही कुटुंबांत टाऊच्याच जनुकातले दोष सापडले. त्या कुटुंबांत अमायलॉइडच्या थरांशिवायही स्मृतिभ्रंश होत होता. वरिष्ठ तरी ढिम्म.

पण खरी मजा १९९७ची. कंपवाताच्या पेशीत एक गुलाबी गोळा दिसतो, भोवती फिकट कडं. लेवींनी तो १९१२मध्येच नोंदवला होता. आत काय भरलंय, ते कुणाला ठाऊक नव्हतं. जूनमध्ये एका इटालियन घराण्यात अल्फा-सिन्युक्लिनच्या जनुकात दोष सापडला. ऑगस्टमध्ये केंब्रिजच्या स्पिलांटिनी-गोडर्ट आणि फिलाडेल्फियाच्या या जोडप्याने त्याच प्रथिनाची अँटिबॉडी लावली, आणि गोळे रंगून उठले. पुढे ती आमच्याकडे आली तेव्हा कपाटातले जुने पॅराफिन ब्लॉक काढून मी नव्याने काप घेतले. वर्षानुवर्षं 'काही विशेष नाही' असा शेरा मिरवणाऱ्या केसमध्येही ते तपकिरी ठिपके होते.

मग २००६मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून टीडीपी-४३ हे प्रथिन आलं, एएलएसमधलं आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियातलं. म्हाताऱ्या मेंदूत ही प्रथिनं अनेकदा एकत्रच नांदतात. ते कळलं कापलेल्या मेंदूंमुळे, नातेवाइकांनी 'हो' म्हटल्यामुळे.

आता नातेवाइकांना विचारतच कोण नाही. परवा एका तरुण न्यूरॉलॉजिस्टला म्हटलं, शवविच्छेदनाची परवानगी तरी मागून बघा. तो म्हणाला, "सर, एमआरआय झालाय ना!" टीडीपी-४३ एमआरआयमध्ये दिसत नाही, हे त्याला सांगावं लागलं.