पिकअपच्या हौद्यांतील खण

घोटीच्या बाजारपेठेंत पहाटे उभें राहून पाहिलें, तर भाताच्या गोण्या व भाजीचे कॅरेट वाहणाऱ्या लहान मालमोटारी दिसतात. त्यांस सर्वजण पिकअप म्हणतात, व आपल्या कांहीं विद्यार्थ्यांच्या घरचा चरितार्थ त्यांच्यावरच चालतो. परंतु जॅक, पाने, सांखळी, दोर हें सामान ठेवण्यास हौद्यांत बंद जागा नसते. बहुधा तें गोणपाटांत गुंडाळून टाकलेलें असतें, आणि कसारा घाटांत ब्रेक लागला कीं जॅक पुढें धांवतो. भाजीचें नुकसान होतें तें होतेंच. पण मागें बसलेल्या मजुराच्या पायाचें काय? (मागें माणूस बसवूं नये हें खरें, पण बसतो.) यासाठीं हौद्यांत लांकडी खण कसा बसवावा हें सांगतों. असा खण मीं दोनदां केला. पहिला फसला, त्याची हकीकत पुढें येईल.

आपल्याकडील बहुतेक पिकअपचा हौदा सपाट असतो व त्याचे फाळके उघडतात. मागील फाळक्याशीं, उजव्या कडेस, चार फूट लांब व दोन फूट रुंद पेटी करावी आणि तिच्यांत मागें ओढण्याचा खण ठेवावा. पेटीची उंची मनास येईल ती धरूं नये. आपण वाहतों त्या कॅरेटच्या बरोबर उंचीची धरावी. म्हणजे कॅरेटची दुसरी रांग पेटीवरून सरळ जाते, व माल रचणाऱ्यास पेटीची अडचण वाटत नाहीं. वरची फळी व बाजू 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या कराव्या. खणाचा तळ 12 मिलिमीटरचा चालतो.

इगतपुरी तालुक्याच्या घाटमाथ्यावर वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. येथें साधें प्लायवुड एक पावसाळाही धड काढीत नाहीं. फळीवर ‘आय. एस. 710’ हा शिक्का पाहून घ्यावा. या जातीच्या फळीचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यांत ठेवून पारखतात, व त्याचे थर सुटतां कामा नयेत असा नियम आहे. तरीही कापलेल्या कडा पाणी पितात. त्यांस तीन हात रंग द्यावा. पेटीच्या तळास चार भोंकें पाडावीं.

आतां मुख्य गोष्ट. पहिल्या खणाखालीं मीं बेअरिंगें बसविलीं होतीं. बोटानें ओढला तरी तो सरके, व मला त्याचा अभिमान वाटे. एके रात्रीं गाडी मुंबईहून शेतासाठीं लांब नळ घेऊन परत येत होती. नळ बाहेर येत असल्यानें मागील फाळका खालीं सोडला होता. घाट चढतांना खणाची लहानशी कडी हिसक्यानें निसटली, खण आपोआप बाहेर आला, आणि जॅक सडकेवर पडला. मागून येणारा दुचाकीस्वार केवळ देवाच्या कृपेनें वांचला.

याचें गणित सोपें आहे. आपल्या थळ घाटांतील लोहमार्गाचा चढ 37 फुटांस 1 फूट आहे, आणि सडकेचा चढ ठिकठिकाणीं याहूनही तीव्र आहे. लोहमार्गाएवढ्याच चढावर 37 किलोचा खण सुमारें 1 किलोच्या ओढीनें मागें येऊं पाहतो. लांकडावर लांकूड घासत असेल, तर घर्षण दहा-बारा किलोंचा विरोध करतें, व खण जागचा हलत नाहीं. बेअरिंगांवर हा विरोध किलोभरही उरत नाहीं. म्हणजे खण जितका गुळगुळीत सरकावा, तितका त्याचा अडसर पक्का हवा. माझें सर्व लक्ष पहिल्या अर्ध्यावरच होतें.

दुसऱ्या खणांत पेटीच्या तोंडाशीं दोन्ही बाजूंस बेअरिंग आहे. खण बंद होतो तेव्हां त्याच्या बाजूच्या फळ्यांची खालची कड जेथें बेअरिंगावर येते, तेथें अर्धा इंच खोल खांच कापली आहे. मूठ वर उचलल्यावांचून खण निघत नाहीं. खड्ड्यांत खण उडूं शकतो, म्हणून शिवाय एक जाड उभी कडी व तिच्या भोंकांत खीळ.

खण पुरता बाहेर येऊं देऊं नये. 32 इंचांवर अडकण बसवावी. तेव्हां 16 इंच भाग आंत राहतो. 30 किलोचा भार मधोमध असेल, तर तेवढ्यानेंही खणाचें मागचें टोंक 15 किलो जोरानें वर उठतें व पेटीच्या छतास टेकतें. तेथें प्लास्टिकची पट्टी लावावी, आणि जॅक नेहमीं मागच्या टोंकास ठेवावा, म्हणजे तो जोर कमी होतो.

पेटी हौद्यास वेल्डिंगनें जोडूं नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम नोंदणींतील तपशिलाशीं न जुळणारा फेरबदल करूं देत नाहीं. आणि जोडाच्या जागीं पत्रा गंजतो तो वेगळाच. दोर बांधण्याच्या आंकड्यांस चार बोल्टांनीं ती आंवळावी, म्हणजे हवी तेव्हां काढतां येते. बोल्ट दर पंधरवड्यास तपासावे. भिजलेली ताडपत्री मात्र खणांत कोंबूं नये. ती वर पसरून वाळूं द्यावी.