दृढीकरण झालं, पुढे काय?

आमच्या नगरच्या मंडळीत पोरं रविवारच्या शाळेत जातात, दहा आज्ञा पाठ करतात, बायबलमधल्या सहासष्ट पुस्तकांची नावं ओळीने घडाघडा म्हणून दाखवतात. मोठी झाली की पाळकसाहेब त्यांचा वर्ग घेतात आणि दृढीकरण होतं, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी दिलेली कबुली मूल आता स्वतःच्या तोंडाने देतं. बहुतेकांचं शिकणं तिथेच थांबतं. पुढे जन्मभर माणूस उपासनेला येतो, वर्गणी भरतो, नाताळची गाणी म्हणतो. शास्त्राची समज मात्र दहावीतलीच राहते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मंडळीतल्या प्रौढांचा बायबल अभ्यास घेते. मोठ्या माणसांनी अजून काय शिकायचं, असं कुणी विचारलं की मी इयोबाचं पुस्तक उघडते.

आमच्याकडे कितीतरी घरांत आणि दुकानांत भिंतीवर एक वचन लावलेलं असतं: सुरुवात लहान असली तरी शेवटी मोठी भरभराट होईल, अशा अर्थाचं. ते इयोबाच्या आठव्या अध्यायातलं आहे. पण बोलतोय कोण? बिल्दद. इयोबाची दहा मुलं घर कोसळून गेली आहेत आणि समाचाराला आलेला हा मित्र त्या बापाला ऐकवतो, की मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. तू निर्मळ असशील तर तुझं पुन्हा बरं होईल. भरभराटीचं ते वाक्य याच बोलण्यात येतं. पुस्तकाच्या शेवटी देव बिल्ददवर आणि समाचाराला आलेल्या इतर मित्रांवर रागावतो, माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत म्हणतो. देवाशी भांडलेल्या इयोबाचं बोलणं मात्र तो योग्य ठरवतो.

हे वाचलं त्या दिवशी वर्गात तरणा मुलगा गमावलेली एक आई होती. ती म्हणाली, "बाई, माझा पोरगा गेला तेव्हा भेटायला आलेले निम्मे लोक बिल्ददच होते की!" लहानपणी तिला इयोब शिकवला होता तो धीर धरणारा माणूस म्हणून, पहिल्या दोन अध्यायांपुरता. त्याचा संताप, त्याचे प्रश्न, जन्माला आलो तो दिवस नको होता हे त्याचं म्हणणं, यातलं काही तिच्या कानावर आलंच नव्हतं. ज्या वयात हे सगळं तिला हवं होतं, त्या वयात शिकवणारं कुणी नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं.

शिकत राहणं म्हणजे काय, ते पंडिता रमाबाईंकडे पाहावं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. देवाच्या त्रैक्याच्या सिद्धांतावरून वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून खडाजंगी वाद घातला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांचा संसार अंगावर असताना, चाळिशी उलटल्यावर, बायबलच्या भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांच्या अभ्यासाला बसल्या. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळेल असं मराठी बायबल त्यांना करायचं होतं. मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

रविवारच्या उपदेशात मध्येच हात वर करून शंका विचारता येत नाही. त्यासाठी प्रौढांचा वेगळा वर्गच लागतो. "आमच्यात तेवढं शिकलेलं कोण आहे?" असं काही मंडळ्या म्हणतात. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांतली अपुल्लोची हकीकत वाचावी. आलेक्सांद्रियाचा हा शास्त्रात निपुण वक्ता, पण त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू करणाऱ्या नवराबायकोने त्याला आपल्याकडे नेलं आणि राहिलेलं नीट समजावून दिलं. असं एखादं जोडपं प्रत्येक मंडळीत असतं. पाळकांनी त्यांना आठवड्यातली एक संध्याकाळ आणि एक खोली द्यावी, आणि पहिल्याच वर्गात इयोब उघडावा, तिसऱ्या अध्यायापासून.