तृतीयपंथीयांचे आरोग्य

दौलताबादपासून जिल्ह्याचे शहर जेमतेम १५ किलोमीटर; आजारी माणसाला हे अंतर फार नव्हे. परंतु तृतीयपंथी रुग्णाची अडचण रुग्णालयात पोहोचल्यावर सुरू होते. केसपेपरसाठी रांग कोणती धरावी, पुरुषांची की स्त्रियांची? नाव पुकारताच कोणी हसले, की तो परत फिरतो आणि दुखणे अंगावर काढतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. पुढे २०१९ च्या कायद्याने उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. तथापि कायदा रुग्णाबरोबर रांगेत उभा राहत नाही. तेथे माणूसच लागतो. मुंबईत १९९४ साली निघालेला हमसफर ट्रस्ट आणि २००० साली गौरी सावंत यांनी स्थापलेला सखी चारचौघी ट्रस्ट यांच्या कामाचे मर्म हेच. आपल्यापैकीच कोणी सोबत आले, म्हणजे भीड मोडते, एचआयव्हीची तपासणी वेळेवर होते, आणि सुरू केलेले औषध मध्येच सुटत नाही.

अशी संस्था प्रत्येक गावी निघेल तेव्हा निघो. तोवर त्या रांगेत आपणही असतो. हसणाऱ्याला आपण थांबवले, तरी एक रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.