चाळिशी : आधी अंतर, मग नंबर

श्रोतेहो, आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसानं चष्म्यावर काय बोलावं. पण स्पिनोझासारखा मोठा तत्त्वज्ञ भिंगं घासण्याचं काम करायचा, तेव्हा आमच्या पंथाचा या धंद्याशी संबंध जुनाच आहे. शिवाय ज्या चष्म्याबद्दल आपण बोलणार आहोत, त्याला मराठीनं फार नेमकं नाव दिलंय : चाळिशी. वयाचं नाव तेच, चष्म्याचंही तेच.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागं एक नैसर्गिक भिंग असतं. लांबचं पाहताना ते चपटं राहतं. जवळचं पाहायचं झालं की भोवतालचा स्नायू आवळतो आणि भिंग फुगीर होतं. लहान मूल पुस्तक नाकाला लावून वाचतं ते या लवचिकपणामुळे. पण हे भिंग जन्मभर वाढत राहतं, थरावर थर चढतात आणि ते कडक होत जातं. चाळिशीच्या आसपास सुईत दोरा ओवताना हात लांब जायला लागतो. साठीपर्यंत लवचिकता जवळजवळ संपते. चष्मा लावा किंवा लावू नका, हे सगळ्यांचंच होतं.

आता मुद्द्याचं. आपण विचारतो, ‘माझा नंबर किती?’ जणू नंबर हा डोळ्याचा स्वभावच. जवळचा नंबर मात्र जितका डोळ्याचा, तितकाच अंतराचा असतो. पाहणं हे नेहमी काहीतरी पाहणं असतं आणि ते कुठून तरी पाहणं असतं. गणित सोपं आहे : 100 ला सेंटीमीटरमधल्या अंतरानं भागा. ज्याचा लांबचा नंबर शून्य आहे आणि लवचिकता संपली आहे, त्याला 40 सेंटीमीटरवरचं पुस्तक वाचायला अडीच नंबर लागतो. तोच माणूस 66 सेंटीमीटरवरच्या संगणकासमोर बसला, तर दीड पुरतो. लांबचा नंबर असेल तर त्यात ही भर घालायची. कागदावर ‘ॲड’ म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. आणि लांबचा उणे दोन असलेली मंडळी चष्मा काढून 50 सेंटीमीटरवरचं आरामात वाचतात, त्यांना नव्या चष्म्याची घाई करायचं कारण नाही.

घोटाळा होतो तो इथं. तपासणीच्या वेळी आपल्या हातात अक्षरांचा तक्ता देतात, तो पुस्तकाच्या अंतरावर. चष्मा मिळतो त्या अंतराचा. आजोबा घरी येऊन चौरंगावर पोथी ठेवतात, ती दोन फुटांवर, अक्षर फुटतं. मग मान पुढं काढायची, पाठ दुखवायची आणि शेवटी ‘आता डोळे गेले’ म्हणून पोथी गुंडाळून ठेवायची. डोळे गेलेले नसतात हो, अंतर चुकलेलं असतं! निव्वळ यापायी वाचन सोडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. म्हणून तपासणीला जाण्याआधी घरात टेप लावा. वाचायची खुर्ची, शिलाई मशीन, संगणक, हार्मोनियमवरची वही, जे आपलं काम असेल त्याचं डोळ्यापासूनचं अंतर मोजा, कागदावर लिहा आणि तो कागद तपासणाऱ्याला दाखवा.

आणखी एक, दिव्याचं. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. विशीतल्या डोळ्याच्या मानानं साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. नंबर वाढवून घेण्याआधी खांद्यामागून पुस्तकावर पडणारा चांगला दिवा लावून पाहा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांना जास्त पैसे मोजावेत का? त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. आम्ही तरी मोजणार नाही.

प्रकारांचं थोडक्यात सांगतो. बायफोकल फ्रँकलिनच्या काळापासून आहे. रेघ नसलेला प्रोग्रेसिव्ह 1959 मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आला. प्रोग्रेसिव्ह सोयीचा आहे, पण त्याच्या कडांना चित्र वाकतं आणि सवयीला काही दिवस, कधी काही आठवडे द्यावे लागतात. दोन्हींचा खरा धोका पायऱ्यांवर असतो. खाली पाहिलं की आपण काचेच्या खालच्या, म्हणजे वाचनाच्या भागातून पाहतो आणि एसटीची पायरी नेमकी धूसर होते. ऑस्ट्रेलियात ज्येष्ठांवर झालेल्या एका चाचणीत, बाहेर नियमित हिंडणाऱ्यांना फक्त लांबचा वेगळा चष्मा दिल्यावर त्यांचं पडणं कमी झालं. जे क्वचितच बाहेर पडत, त्यांचं बाहेरचं पडणं मात्र वाढलं. म्हणजे रोज फिरायला जाणाऱ्यानं दुसरा चष्मा जरूर करावा, घरात बसणाऱ्यानं सवयीचा मोडू नये.

रस्त्यावरच्या तयार चष्म्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरपा नंबर नसेल, तर स्वयंपाकघरात डाळ निवडायला तो चालतो. फक्त तिथं डोळा कुणी तपासत नाही. काचबिंदू बाजूची नजर गुपचूप खातो, समोरची अक्षरं शेवटपर्यंत दिसत राहतात. आणि सत्तरीत अचानक चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं तर पेढे वाटू नका. बहुधा मोतीबिंदू पिकतोय आणि त्यानं भिंगाची ताकद वाढवली आहे. नंबर भराभर बदलत असेल तर साखरही तपासून घ्या. साखर वरखाली होत असताना काढलेला नंबर टिकत नाही. सरळ रेघ वाकडी दिसली तर मात्र चष्म्याच्या दुकानात जायचंच नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय : ‘चष्मा लावल्यानं नंबर वाढतो का?’ नाही. भिंग आपल्या गतीनं कडक होत असतं, चष्म्याला त्याची खबरही नसते. साठीनंतर जवळची भर बहुतेकांची स्थिरावते.